तीन अणूंच्या थराला तार जोडताना

नमस्कार श्रोतेहो. पंचगंगेकाठच्या मोटारीचा स्टार्टर कुरकुरला की आपण पॉइंट उघडतो, काजळी पॉलिशपेपरनं घासतो, मोटर परत पाणी ओढते. मोलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाच्या एका थराला तार जोडायची, तर तिथं असा पेपर चालत नाही; लावला तर थरच संपेल. जाडी 0.65 नॅनोमीटर. वर गंधक, मध्ये मोलिब्डेनम, खाली गंधक. तीनच अणू.

तार जोडायची नेहमीची रीत अशी, की निर्वातात सोनं तापवायचं आणि त्याची वाफ थरावर बसवायची. ती वाफ थराचं काय करते, हे 2018 साली लॉस एंजेलिसला संशोधक डुआन यांच्या गटानं दाखवलं. त्यांनी गुळगुळीत सिलिकॉनवर 50 नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या पट्ट्या आधीच तयार केल्या. वरचं प्लास्टिक सिलिकॉनला घट्ट धरू नये म्हणून एचएमडीएस या रसायनाची वाफ दिली, वर पीएमएमए हे प्लास्टिक (पॉलिमर) पसरलं, पट्ट्यांसकट सोलून काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं थरावर टेकवलं. आता खरी गंमत ऐका. त्या पट्ट्या त्यांनी परत उचलल्या! खालचा थर जसाच्या तसा. वाफेनं बसवलेली पट्टी उचलली, तर थर तिच्याबरोबर फाटून आला. पुन्हा सांगतो: टेकवलेली सुटली, वाफेची फाडून गेली. वाफेतले तापलेले अणू गंधक उडवतात, थरात घुसतात. मग धातू कुठलाही घ्या, विजेपुढचा अडथळा फारसा हलत नाही. टेकवलेल्या पट्टीत मात्र धातू बदलला की अडथळाही बदलला.

टेकवणं जमत नसेल तर मऊ धातू घ्या. 10 नॅनोमीटर इंडियम, त्यावर 100 नॅनोमीटर सोनं. 2019 मध्ये यानं एका थरावर संपर्क-रोध, म्हणजे धातू आणि थर यांच्या जोडापाशी विजेला होणारा रोध, 3000 ओम-मायक्रोमीटरवर आला, 2021 मध्ये बिस्मथनं 123 वर. इंडियम 157 अंशांना वितळतं, तेव्हा नंतर भट्टीत घालू नका.

निर्वात मात्र चांगला हवा. आपल्याकडे नव्या यंत्राला पैसा निघतो, जुन्या पंपाचं तेल बदलायला निघत नाही, आणि उद्घाटनाचा नारळ तेवढा वेळेवर फुटतो! असो.

वाफ हवी तिथंच बसावी म्हणून थरावर पीएमएमए पसरून त्यात खिडक्या पाडतात. डेव्हलप केल्यावर, म्हणजे खिडकीतला पीएमएमए द्रावणानं धुतल्यावरही, तळाशी थोडा उरतो. तो काढायला ऑक्सिजन प्लाझ्मा वापरू नका, तो थरही खातो. डेव्हलपिंगच पुरं करा.

संपर्क-रोध मोजताना पट्ट्यांच्या एकाच जोडीवर थांबू नका. पट्ट्यांमधली अंतरं चार-पाच वेगवेगळी ठेवा, अंतराप्रमाणे रोधाचा आलेख काढा. शून्य अंतराला रेषा जो रोध दाखवते तो दोन संपर्कांचा मिळून. एकाचा हवा तर निम्मा घ्या.