दांडीवरचं नाव आणि नळीचं माप

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या सायकलींचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, "आमच्या आजोबांची रॅले अजून माळ्यावर आहे. अस्सल विलायती. काय येईल हो तिचं?" ती रॅले खरीच असते, आणि घरात तिचा मान असतो तोही योग्यच आहे. पण ती रोडस्टर. २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, चेनकव्हर, वजन अठरा-वीस किलो. डबलसीट नेणारी, दुधाच्या किटल्या वाहणारी, तीस वर्षं कुरकुर न करणारी सायकल. त्याच काळात इंग्लंडमध्ये सायकलींची आणखी एक जात होती. तिला तिथे नुसतं 'लाइटवेट' म्हणतात, आणि आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे.

ही सायकल दहा-बारा किलोंची. दुकानाच्या मागच्या खोलीत दोन-चार कारागीर गिऱ्हाइकाच्या पायांची आणि हातांची मापं घेऊन तिची फ्रेम जोडत. लंडनमध्ये टॉटनहॅमला हेचिन्स, क्लॅपमला क्लॉड बटलर, डर्बीला मर्शियन, स्टॉक्टनला जॅक टेलर आणि त्याचे दोघे भाऊ. याशिवाय गावोगावी असे कितीतरी कारागीर होते, ज्यांचं नाव पन्नास मैलांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं नॉटिंगहॅमला होतो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहायचे, तरुणपणी शर्यतींत उतरलेले. त्यांच्याकडे मी एकदा मोठ्या उत्साहाने एक फ्रेम घेऊन गेलो. बाजारात मिळाली होती. वर 'रेनॉल्ड्स ५३१' असं झळकत होतं. त्यांनी ते नाव वाचलंसुद्धा नाही. सीटचा बोल्ट सैल केला, सीटचा दांडा उपसून बाजूला ठेवला, फडक्याने फ्रेमच्या नळीचं तोंड आतून पुसलं आणि व्हर्नियर कॅलिपर आत घातला. "सव्वीस पॉइंट चार," म्हणाले, आणि कॅलिपर माझ्या हातात दिला.

ते काय सांगत होते, हे नीट उलगडून सांगतो. रेनॉल्ड्स ही बर्मिंगहॅमची नळ्या करणारी कंपनी. नळीची दोन्ही टोकं जाड आणि मधला भाग पातळ ठेवायच्या कल्पनेचं पेटंट १८९७ सालचं. सांध्यावर पितळ वितळवून जोड देताना जी आच बसते, ती टोकांनी सोसायची आणि मधे वजन वाचवायचं. १९३५ साली त्यांनी मँगनीज-मॉलिब्डेनमच्या पोलादाची ५३१ ही नळी आणली, आणि पुढची चाळीस वर्षं चांगल्या ब्रिटिश सायकलीची ओळखच ती झाली. आता फ्रेमच्या ज्या नळीत सीटचा दांडा बसतो, तिचा बाहेरचा व्यास ठरलेला, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. म्हणजे पत्रा जितका पातळ, तितकं आतलं तोंड मोठं. हलक्या ५३१मध्ये साधारणपणे २७.२ मिलिमीटरचा सीटचा दांडा बसतो. २६.४चा बसत असेल तर नळी जाड आहे, मग वर काहीही चिकटवलेलं असो. कंपनीच्या नावाची अशी नवी चिकटवायची चित्रं आज कुणालाही विकत मिळतात.

खरं चित्र असेल तर त्यावरची बारीक अक्षरंही वाचावीत. मुख्य तीनच नळ्या ५३१च्या आहेत, की चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक काड्याही, हे त्यात लिहिलेलं असतं. पूर्ण संच असेल तर फ्रेमची योग्यता एकदम वर जाते.

यानंतर नंबर. तो सीटखालच्या सांध्यावर, मागच्या चाकाच्या खाचेवर किंवा सायकल उलटी केली की पायडलच्या एक्सलखाली ठोकलेला सापडतो. चिमटा काढता आला तर त्याच्या दांड्यावरही पाहा. दोन्हीकडे तोच नंबर असेल तर चिमटा मूळचा. ही खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण अपघातात आधी चिमटाच जातो. त्याच वेळी हँडलच्या मागे, खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. रंगाखाली बारीकशी लाट लागली, तर ती सायकल कधीतरी समोरून आदळली आहे.

साल ठरवायला मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, मदत होते. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या हबवर महिना आणि साल कोरलेलं असतं. रॉकेलच्या फडक्याने काळं वंगण पुसलं की 'एडब्ल्यू' हे हबच्या प्रकाराचं नाव, खाली ५५ आणि ४ असं दिसतं. म्हणजे एप्रिल १९५५. विल्यम्स कंपनीच्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, सालासाठी अक्षरांची खूण असते, कँपाग्नोलोच्या हबच्या नटावर सालाचे आकडे. पण चाकं बदलतात, क्रँक बदलतात. म्हणून एकाच भागावर विश्वास टाकू नये. तीन-चार भाग एकाच सुमाराचं साल सांगू लागले की मग खात्री धरावी. स्पोकही मोजा. पुढे ३२ आणि मागे ४० भरले तर ती जुनी ब्रिटिश रीत आहे. इतर बहुतेक देश दोन्हीकडे ३६ घालत.

काही सायकली मात्र रस्त्यापलीकडूनही ओळखू येतात. हेचिन्सच्या मागच्या काड्या नागमोडी. बेट्सच्या चिमट्याला दुहेरी वळण. ब्रॅडफर्डच्या बेन्स बंधूंच्या 'फ्लाइंग गेट'मध्ये सीटखालची नळी उभीच, फाटकासारखी. कारण असं सांगतात, की हौशी स्पर्धकाच्या फोटोत सायकलीच्या कंपनीचं नाव छापायला मनाई होती. मग नाव पुसलं तरी फ्रेम कुणाची हे कळावं, म्हणून कारागिरांनी आकारातच सही केली. मला ही गोष्ट फार आवडते.

किमतीचं बोलायचं तर नाव, माप आणि मूळपण या तीन गोष्टींवर सौदा ठरतो. नागमोडी काड्यांची, सुस्थितीतली पूर्ण हेचिन्स हजार पौंडांच्या वर जाते. अनोळखी गावच्या कारागिराची तितकीच सुबक फ्रेम त्याच्या लहानशा अंशात मिळते, आणि चालवायला घ्यायची असेल तर मी हीच घ्यायला सांगेन. २१ ते २३ इंची फ्रेमला गिऱ्हाईक जास्त, २५ इंचीला कमी. आणि मूळ रंग. याबद्दल मला कळवळून सांगायचंय.

लीड्सकडच्या एका कारागिराची फ्रेम मला मिळाली होती. बाटलीसारखा हिरवा रंग, सांध्यांच्या कडेने हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा, अर्धवट उडालेल्या. मी ती एका रंगवाल्याकडे दिली. त्याने वाळूच्या झोताने सगळं खरवडलं आणि जाड पावडरचा रंग चढवला. चकचकीत झाली. पण सांध्यांच्या कडा बुजल्या, नंबर भरून गेला, कारागिराचं नाव असलेलं चित्र नाहीसं झालं. ती फ्रेम कुणाची, याचा पुरावा आता फक्त माझ्या सांगण्यात आहे. म्हणून पाया पडून सांगतो, गंज दिसला तर आधी फोटो काढा, मग तेलाचं बोट आणि मऊ फडकं. एवढंच. नंबर कळला की इंग्लंडच्या व्हेटरन-सायकल क्लबला लिहा. १९५५ सालची संस्था आहे, तिथे एकेका बनावटीचा अभ्यास केलेली माणसं आहेत.

त्या शेजाऱ्यांची स्वतःची सायकल मात्र तशीच होती. पुढच्या एक्सलपाशी चिमट्याच्या दोन्ही टोकांचा रंग घासून आतलं पोलाद उघडं पडलेलं. मी विचारलं, तर म्हणाले, तिथे चाकं टांगायचो. शर्यतीची हलकी चाकं वाटेत पंक्चर होऊ नयेत म्हणून पुढे दोन बाजूंना अडकवायची, रोजच्या चाकांवर पहाटेच्या अंधारात तीस-चाळीस मैल सायकल मारत शर्यतीच्या जागी जायचं, तिथे चाकं बदलायची, घड्याळ लावून एकट्याने सायकल पळवायची, आणि चाकं पुन्हा टांगून घरी यायचं. दर रविवारी. सांगताना त्यांचा अंगठा त्या घासलेल्या जागेवरच होता.

नमस्कार.