ओल्या रात्रीची वेचणी

[दृश्य : अंधारं शेत. लांबवर जमिनीलगत हलणारे दिवे.]

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचा हा नैर्ऋत्य भाग. टोरोंटोपासून विंडसरकडे जाताना दोन्ही बाजूंना दूधदुभत्याची शेतं लागतात, आणि गाईंसाठी पेरलेला लसूणघास. संध्याकाळी पाऊस पडून गेलाय. वारा पूर्ण पडलाय. हवेत गारवा आहे, पण बोचरी थंडी नाही. मासे धरायच्या आमिषासाठी गांडुळं वेचणाऱ्यांना हवी असते ती अशीच रात्र.

ही माणसं कंबरेत पार वाकून चालतात. कपाळाला दिवा. दोन्ही पायांना, पोटरीपाशी, पट्ट्याने बांधलेले डबे. एका डब्यात लाकडाचा भुसा, दुसऱ्यात वेचलेला माल. बोटं बुळबुळीत झाली की भुशात घालायची, म्हणजे पकड सुटत नाही.

[दृश्य : जमिनीच्या अगदी जवळून. ओल्या गवतात पसरलेलं एक गांडूळ.]

याला इथे नाइटक्रॉलर म्हणतात. शास्त्रीय नाव लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस. चांगलं वाढलेलं गांडूळ वीतभर, कधी त्याहूनही लांब. याचं बीळ सरळ खोल जातं, दोन मीटरपर्यंतसुद्धा. दिवसभर ते आत असतं. अंधार पडला आणि वर ओल असली की बाहेर येतं : कुजकी पानं ओढून न्यायला आणि जोडीदार शोधायला. पण सहसा पूर्ण बाहेर येत नाही. शेपटीकडचा भाग बिळातच रोवलेला असतो. धोका जाणवला की पापणी लवायच्या आत सगळं अंग परत आत.

म्हणून नुसतं दिसणं पुरेसं नाही. हात कुठे घालायचा, ते कळावं लागतं. डोक्याकडून धरलं तर ते निसटतं. पकडायचं बिळाच्या तोंडाशी, जिथे अंग जमिनीत शिरतं तिथे. आणि धरल्यावर ओढायचं नाही. गांडुळाच्या अंगावर बारीक, ताठ केस असतात. ते बिळाच्या भिंतीत रोवून ते स्वतःला घट्ट अडकवून घेतं. हिसका दिला तर तुटतं, आणि तुटलेल्या गांडुळाला कुणी पैसे देत नाही. हलका ताण ठेवून क्षणभर थांबायचं. त्याचे स्नायू सैल पडल्याचं बोटांना कळतं. तेव्हाच ते अलगद बाहेर काढायचं.

तो क्षणभराचा थांबा हे या कामातलं खरं कसब. हातात ते मुरलं की माणूस एका चांगल्या रात्रीत हजारो गांडुळं वेचतो, दोन्ही हातांनी, कंबर सरळ न करता.

गांडुळाला डोळे नसतात, पण त्याच्या कातडीत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. पांढरा झोत अंगावर पडला की ते आत जातं. तांबडा उजेड त्याला फारसा जाणवत नाही, त्यामुळे दिवा तांबडा किंवा मंद ठेवलेला बरा. पावलंही हलकी टाकावी लागतात. चार्ल्स डार्विनने घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली होती. पियानोच्या आवाजाने ती जागची हलली नाहीत. पण कुंड्या पियानोवरच ठेवून पट्टी दाबली, तेव्हा ती झटकन बिळात गेली. १८८१ साली छापलेल्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवलंय. आवाज त्यांना ऐकू येत नाही, हादरा मात्र कळतो. शेतात धपाधप चालणारा वेचणारा आपल्याच पुढचा माल घालवतो.

[दृश्य : पहाट. डबे रिकामे करणारे हात.]

मजुरी मिळते ती दर हजार गांडुळांमागे. कोरडी रात्र, वाऱ्याची रात्र, कडाक्याच्या थंडीची रात्र म्हणजे कमाई नाही. या शेतांत आधी ग्रीक, इटालियन, पोर्तुगीज स्थलांतरित राबले. नंतर व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेली माणसं आली. देशात नव्याने आलेल्याला भाषा येत नसली तरी हे काम मिळायचं. कंबर मोडणारं काम आहे हे, आणि अमेरिकेतल्या गळ टाकणाऱ्यांपर्यंत पोचणारं आमिष या वाकलेल्या पाठींवर उभं आहे. इथून वर्षाला ५० ते ७० कोटी गांडुळं बाहेर जातात, असा अंदाज सांगितला जातो. ती थंड खोलीत ठेवतात, ओलसर पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या मातीत, भरतात आणि ट्रकने सीमेपार पाठवतात.

मग ती पाळत का नाहीत? आपल्याकडे गांडूळखताच्या वाफ्यात असते ती आयसेनिया फेटिडा. ती शेणात, वरच्या थरात राहते आणि भराभर वाढते. नाइटक्रॉलरला खोल, थंड, न ढवळलेली जमीन लागते. वाढ सावकाश, पिल्लं कमी. पाळून परवडत नाही. लसूणघासाचं शेत काही वर्षं नांगरलं जात नाही, वर शेणखत पडतं, म्हणून तिथे ती आपसूक माजतात. शेतकरी वेचणीसाठी जमीन भाड्याने देतो. दिवसा गाईंचा चारा, रात्री गांडुळं, असं एकाच रानाचं दुहेरी उत्पन्न.

[दृश्य : मेपलचं जंगल.]

एक गोष्ट मात्र आपल्या शाळेतल्या धड्यात नव्हती. आपण गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणून ओळखतो. शेतात ते खरंही आहे. पण हे गांडूळ मूळचं युरोपचं. हिमयुगात हा सगळा प्रदेश बर्फाखाली होता. बर्फ हटल्यावर इथली जंगलं गांडुळांशिवायच वाढली. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या रोपांबरोबर, मातीबरोबर ती इथे पोचली. मेपलच्या जंगलात जमिनीवर कुजक्या पानांची जाड गादी असते. कोवळी रोपं, नेचे, रानफुलं तिच्यातच रुजतात. नाइटक्रॉलर ती पानं खाली ओढून नेतं, आणि गादी विरत जाते.

जंगलात ते स्वतः फार हळू पसरतं. त्याला लांब नेतो तो माणूस, आमिषाच्या डब्यातून. टोरोंटो, मिसिसागाकडची आपली मराठी मंडळीही उन्हाळ्यात तळ्यांवर गळ टाकायला जात असतील. डब्यात गांडुळं उरली तर ती काठावर किंवा झाडीत सोडू नका. झाकण लावून घरी आणा आणि केराच्या डब्यात टाका.