सवयींचा रकाना

नमस्कार श्रोतेहो.

तीस वर्षं मी समाजशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी बालगुन्हेगारीच्या अभ्यासात गेली. आता 'बालगुन्हेगार' म्हणायचं नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. एवढा जड शब्द आमच्या गावच्या पोलीस पाटलाला अजून एका दमात म्हणता येत नाही.

२०१७ साली निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथं, एक पोरगा भेटला. वय पंधरा. नाव-गाव सांगत नाही, कायद्यानेच तशी मनाई आहे. पऱ्हाटीच्या वावरातली मोटरपंपाची केबल कापून त्यानं तांबं भंगारात विकलं होतं. जेवणाच्या वेळी तो पोळीचा बारीक चुरा करून वरणात भिजवत बसला. मला वाटलं, भूक नसेल. मग त्याला तोंड उघडायला लावलं. तीन बोटं उभी मावायला हवीत, त्याच्या तोंडात दीड मावली.

खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकवर घोटलेला. आपल्याकडे कोणाला सांगायला नको. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड आखडतं. पुढं कॅन्सरचाही धोका.

परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल लिहितात. त्यात सवयींचा रकाना असतो. तिथं 'खर्रा खातो' असं पडतं आणि पान उलटतं. माझ्या छापून आलेल्या लेखांतही मी ते पोराच्या वर्तणुकीतच मोजलं होतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम मात्र देणाऱ्याला धरतं. मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. वर्गात हे कलम मी कितीदा वाचून दाखवलं असेल!

किशोरांच्या आरोग्यासाठी सरकारचा कार्यक्रमही आहे, २०१४ पासून, दहा ते एकोणीस वयासाठी; त्यात व्यसनही येतं. पण तो आरोग्य खात्याचा आणि निरीक्षणगृह महिला व बालविकासचं. फायली भेटत नाहीत.

पोराला विचारलं, "घेत कुठून होता रे?"

"शाळेपुढच्या ठेल्यावरून जी. पैसे नसले तं उधार देते तो."

"किती झाली होती उधारी?"

"साडेतीनशे."

तांब्याचे त्याला चारशे मिळाले होते. पंचनाम्यात केबलची लांबी होती, किंमत होती. ठेल्यावरची उधारीची वही कोणी मागितली नव्हती. त्या दिवसापर्यंत मीही कधी मागितली नव्हती.