कैलासपतीचे तोफगोळे

श्रोतेहो, नमस्कार. भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलात, तर पेंग्विन बघून झाल्यावर थोडा वेळ झाडांसाठीही ठेवा. तिथला कैलासपती शोधा. दुरून वाटतं, याच्या बुंध्याला भलत्याच कुठल्या वेलीनं विळखा घातलाय. जवळ गेलं की कळतं, ही वेल नव्हे, झाडाच्याच खोडातून फुटलेल्या वेड्यावाकड्या काटक्या आहेत. त्यांना जाड पाकळ्यांची गुलाबी-लाल फुलं आणि वीतभर रुंदीचे, गंजल्या रंगाचे गोळे. इंग्रजीत याला ‘कॅननबॉल ट्री’ म्हणतात ते उगाच नाही.

खाली पडलेलं एखादं फूल उचला. मधोमध पिंडी, भोवती पुंकेसरांचं कडं आणि वर वाकलेला नागाचा फणा! म्हणूनच ते पिंडीवर वाहतात. झाड मात्र मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ओब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १७७५ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात ‘गयाना’ आहे, कैलास नाही.

मला नवल वाटतं ते त्या फण्याचं. या फुलात मध नसतो. भुंग्याला द्यायला फक्त पराग, आणि तोही दोन जातींचा. फण्यातला पराग वांझ, निव्वळ खाऊ. बीज धरणारा पराग कड्यात. भुंगा खाऊसाठी आत घुसतो आणि कड्यातला पराग अंगाला माखून पुढच्या फुलावर जातो.

फळ पिकायला वर्षभर तरी लागतं. मग एक दिवस, धप्प! कवच फुटतं, आतला पांढरा गर हवा लागताच निळसर पडतो आणि वास सुटतो. तो रेडिओवरून पोहोचत नाही, हे तुमचं नशीब. मायदेशी या वासावर पेकरी नावाचे डुकरासारखे प्राणी येतात, गर खातात, आणि केसाळ बिया त्यांच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतात. आपल्या शहरात पेकरी कुठून येणार?

आमच्या सोसायटीतही एक कैलासपती आहे. एका गाडीची काच फुटली तेव्हा झाड तोडायचा अर्ज तयार झाला होता. मी म्हटलं, अहो, गाडी हलते, झाड हलत नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी गाडीच हलली. परवा त्या रिकाम्या जागेत दोन गोळे फुटून पडले होते. झाडूवाल्या मावशी पदर नाकाला लावून म्हणाल्या, “देवाचं झाड खरं, पण वास बघा की!”