पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

नमस्कार सोलापूरकर मंडळी. सीईटीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच गोंधळ सुरू होतो, पोराला ८२ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ८२ मार्क पडले असं समजून कुणी पेढे वाटतं, आणि शेजारच्या पोरीला ६४ आले म्हणून त्यांच्या घरात सगळ्यांचे चेहरे पडलेले. मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो, त्यामुळे दरवर्षी हे फोन मला येतात आणि दरवर्षी जीव तुटतो, कारण तो आकडा मार्कांचा नाहीच, तो रांगेतल्या जागेचा आहे. आज तेवढंच नीट सांगायचंय.

कितीही मोठी आकडेवारी असू द्या, आधी ती लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायची आणि मग तिचे सारख्या संख्येचे गट पाडायचे. दोन गट पाडायचे तर मधे एकच काप बसतो, तो मध्यक. चार गटांना तीन काप लागतात, ते चतुर्थक, दहा गटांना नऊ, ते दशमक, आणि शंभर गटांना नव्व्याण्णव, ते शतमक, ज्याला आपण सगळे पर्सेंटाइल म्हणतो. अकरावीच्या अर्थशास्त्रात 'विभाजन मूल्ये' म्हणून हा धडाच आहे. पोरं सूत्र पाठ करतात, मार्क घेतात आणि विसरतात, पण त्यात रोजच्या उपयोगाचं जे आहे ते कांद्याच्या पट्टीवर सगळ्यात चांगलं दिसतं.

समजा एका गावातल्या अकरा जणांनी एकाच दिवशी मार्केट यार्डात कांदा विकायला नेला आणि संध्याकाळी सगळे पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, घेऊन बसले. क्विंटलचे भाव ओळीनं लावले तर ३००, ५००, ६००, ८००, ९००, १०००, ११००, १२००, १४००, १५०० आणि एकाला एकदम ३०००. सरासरी काढली की १११८ रुपये येते, पण अकरातल्या सात जणांना त्याच्याहून कमी मिळालेत! मध्यक बघा, सहावी पट्टी, १००० रुपये, पाच जण खाली, पाच जण वर. आता त्या शेवटच्याचा माल एकदम एक्स्पोर्टचा निघाला आणि त्याला ३००० च्या जागी ६००० मिळाले असं धरा, तर सरासरी उडी मारून १३९१ वर जाते, बाकी दहा जणांच्या खिशात एक रुपयाही जास्त पडलेला नसताना. मध्यक मात्र १००० वरून हलत नाही.

चतुर्थक काढायचे तर अकरात एक मिळवा, बारा, त्याला चारानं भागा, तीन, म्हणजे तिसरी पट्टी ६०० हा पहिला चतुर्थक आणि नववी पट्टी १४०० हा तिसरा. बाजारभावात आपल्याला किमान आणि कमाल दर सांगतात, ते इथं ३०० आणि ३००० झाले असते, आणि एवढ्या मोठ्या पट्ट्यावरून शेतकऱ्यानं काय ठरवायचं? ६०० ते १४०० हे सांगितलं की कळतं बाबा, मधल्या निम्म्या लोकांना या दरम्यान मिळालंय. माझं तर स्पष्ट मत आहे की बाजारभाव सांगताना किमान-कमालच्या जोडीला हे दोन आकडे सांगायलाच पाहिजेत.

इथं एक गोष्ट नीट बघा, कारण घोटाळा इथंच होतो. खालचा पाव भाग ३०० ते ६०० मधे बसलाय, म्हणजे तीनशे रुपयांच्या अंतरात, आणि वरचा पाव भाग १४०० ते ३०००, सोळाशे रुपयांत पसरलाय. प्रत्येक गटात माणसं तेवढीच असतात, रुपयांचं अंतर तेवढंच नसतं. (एक्सेलवर करून बघणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो, तिथं चतुर्थकाचे दोन फॉर्म्युले आहेत, याच अकरा आकड्यांवर एक ६०० देतो आणि दुसरा ७००, कारण काप नेमका कुठं टाकायचा याच्या रीती वेगवेगळ्या आहेत, तेव्हा घाबरू नका, आपल्या पुस्तकातली रीत धरा.)

आता परत सीईटीकडे. ८२ पर्सेंटाइल याचा अर्थ त्या शिफ्टला बसलेल्या पोरांपैकी ८२ टक्के पोरांना याच्याइतके किंवा याच्याहून कमी मार्क आहेत. २०० पैकी मार्क किती पडले ते यातून कळत नाही. मग थेट मार्कच का देत नाहीत, असं आई-बाप विचारतात. परीक्षा बरेच दिवस वेगवेगळ्या शिफ्टमधे चालते, प्रत्येक शिफ्टला पेपर वेगळा, कुणाला सोपा कुणाला अवघड, मग मंगळवारच्या १२० मार्कांची गुरुवारच्या १२० शी तुलना कशी करणार? म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या शिफ्टमधे कितवी जागा पटकावली ते बघतात. शिफ्टमधला पहिला आला की त्याला १०० पर्सेंटाइल, भले त्याचे वीस मार्क गेलेले असोत. आणि दोघांची बरोबरी होऊ नये म्हणून आकडा दशांशानंतर सात स्थळांपर्यंत काढतात.

एका ग्रुपला (पीसीएम म्हणजे गणितवाला, पीसीबी म्हणजे बायॉलॉजीवाला) समजा तीन लाख पोरं बसली तर एक पर्सेंटाइल म्हणजे तीन हजार पोरं. ९८ वाल्याच्या पुढं सहा हजार, ९९ वाल्याच्या पुढं तीन हजार, हा हिशोब घरी बसून करता येतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊन 'कौन्सेलिंग' घ्यायची गरज नाही. मधे गर्दी फार असते म्हणून तिथं दोन-चार मार्कांनी पर्सेंटाइल भराभर चढतं, वरच्या टोकाला पोरं विरळ, तिथं दहा मार्क जास्त मिळाले तरी आकडा पॉइंटात हलतो. म्हणून ६४ आलेल्या पोरीला 'तुला एवढंच येतं' असं म्हणू नका हो, तिच्या शिफ्टमधल्या शंभरातल्या ६३-६४ पोरांच्या ती पुढं किंवा बरोबर आहे. आणि पीसीएमचं पर्सेंटाइल पीसीबीच्या पर्सेंटाइलशी ताडून बघू नका, रांगच वेगळी आहे.

ही पद्धत रूढ केली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं, १८८० च्या दशकात. १८८४ ला लंडनच्या एका प्रदर्शनात त्यानं हजारो लोकांची उंची, वजन, मुठीची ताकद असं सगळं मोजलं होतं. याच माणसानं चांगल्या वंशाची माणसं वाढवा असा घातक विचारही मांडला, तेव्हा त्याचं गणित घ्यायचं आणि माणसाची किंमत रांगेतल्या जागेवरून करायची त्याची खोड तिथंच सोडायची.

आपल्याकडे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९६० च्या सुमारास हेच हत्यार गरिबी-श्रीमंती मोजायला वापरलं, लोकांना खर्चाप्रमाणे ओळीनं लावून सारखे गट पाडायचे आणि गटाला गट ताडून बघायचा. आजही सरकारचा घरगुती खर्चाचा सर्व्हे तसाच मांडतात. २०२२-२३ च्या सर्व्हेत ग्रामीण भारताची सरासरी माणशी महिन्याला ३,७७३ रुपये खर्च अशी आली. पण गट उघडून बघा, तळातल्या पाच टक्क्यांचा खर्च १,३७३ आणि वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१. १,३७३ म्हणजे दिवसाला सेहेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत, त्यात खाणं, औषध, कपडे, प्रवास सगळं. नुसती सरासरी ऐकली असती तर ही माणसं आपल्याला दिसलीच नसती.

शेवटी पावसाचं, कारण आपला जिल्हा कोरडवाहू आणि हा अंदाज बऱ्याच जणांना नीट समजावून सांगितलेला नसतो. हवामान खातं जे रंगीत नकाशे देतं त्यात तीन गट असतात, सामान्यपेक्षा कमी, सामान्य आणि सामान्यपेक्षा जास्त. मागच्या अनेक वर्षांचा पाऊस ओळीनं लावून दोन काप टाकले की तीन सारखे गट होतात, म्हणजे काहीच माहिती नसली तरी प्रत्येक गटाची शक्यता ३३ टक्के असतेच. म्हणून नकाशात आपल्या भागाला 'जास्त पावसाची शक्यता ४० टक्के' असं दिसलं तर तो थोडासाच कल आहे, उरलेले ६० टक्के बाकीच्या दोन गटांत आहेत, तेवढ्यावर कर्ज काढून पेरणी वाढवू नका. आकडा ३३ च्या किती वर गेलाय ते बघायचं. आणि रब्बी ज्वारीवाल्यांनी जुलैच्या शेवटी ऑगस्ट-सप्टेंबरचा जो वेगळा अंदाज निघतो तो आवर्जून बघावा, आपल्याकडचा मोठा पाऊस सप्टेंबरातच पडतो. नमस्कार.