बाबा, तूच बोल

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. जेवणाची रांग लागायच्या आत संपवायची अध्यक्षांनी ताकीद दिली आहे. मसालेभाताचा वास इथवर येतोय, तेव्हा तुमचं लक्ष कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

माझं माहेर नाशिकच्या पंचवटीतलं, सासर तिथल्याच गंगापूर रोडचं. मध्ये फक्त गंगा. बाहेरच्यांनी खुशाल गोदावरी म्हणावं. यंदाच्या सुट्टीत साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो आणि पहिल्याच आठवड्यात माहेरी एका लाडवावरून रण पेटलं.

लेक म्हणाली, "आजी, मी लाडू खाल्ली." तिचे बाबा तिथेच पेपर वाचत बसले होते. "खाल्ली नाही, खाल्ला." बरं. थोड्या वेळानं, "मी पोळी खाल्ला." "खाल्ला नाही, खाल्ली!" मग केळं आलं. "मी केळं खाल्ली." "अगं, खाल्लं!" पोरीनं उरलेलं केळं ताटात ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, तूच बोल." मग संध्याकाळपर्यंत तिनं मराठीत तोंड उघडलं नाही.

बाबा आत्ता तिसऱ्या रांगेत बसलेत. मागे वळून बघू नका.

आई तापली. जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून मला बोलली, पण असं की ओट्यापासून हॉलपर्यंत नीट पोचावं. "पोर नियम लावतेय. तुम्ही दर घासाला नियम बदलताय!" खरंच आहे की. 'चिऊ झोपली' म्हणताना क्रियापद चिऊप्रमाणे चालतं, 'चिऊनं लाडू खाल्ला' म्हणताना लाडवाप्रमाणे. त्यात लाडू तो, पोळी ती, केळं ते. शाळेत कर्तरी-कर्मणी म्हणून हे सगळं पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. भावे प्रयोग तर मला आजही ओळखता येत नाही, करते मात्र रोज. मूल 'केलं'च्या जागी 'करलं' म्हणतं, इंग्रज मूल 'वेन्ट'च्या जागी 'गोएड' म्हणतं. कुठल्याही मोठ्या माणसाच्या तोंडून न ऐकलेला शब्द त्यानं स्वतः घडवलेला असतो. वाक्य जुळवायचं यंत्र आत सुरू झाल्याची ती खूण.

हार्वर्डच्या रॉजर ब्राऊन यांनी १९६० च्या दशकात तीन मुलांचं घरातलं बोलणं टेप करून अभ्यासलं. आईबाप मुलांचं व्याकरण फारसं सुधारत नाहीत, मूल चुकीची माहिती सांगत असेल तर मात्र टोकतात, असं त्यात दिसलं. व्याकरण मुलांना आलंच. आमच्या आईनं रॉजर ब्राऊनचं नावही ऐकलेलं नाही.

ती काय करते ते मी गंगेवर पाहिलं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, सगळी पंचवटी पूर बघायला लोटलेली. दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली ती दोन तोंडांची मूर्ती, दिसल्यावर लेक ओरडली, "आजी, पाणी मारुती!" मी असते तर विचारलं असतं, "कुठंय मारुती? कलर कुठला? किती तोंडं?" आई म्हणाली, "हो गं, पाणी मारुतीच्या पोटापर्यंत आलं." आणि गप्प बसली. मला ते गप्प बसणं सोसेना, मी तोंड उघडायला गेले तर आईनं माझा हात दाबला. बऱ्याच वेळानं लेक म्हणाली, "पाणी पोटापर्यंत आलं. मारुती भिजली." आई म्हणाली, "भिजला ना मारुती! चिंब भिजला." नाही म्हणाली नाही, पुन्हा म्हणायला लावलं नाही. पोरीनं दिलेलं वाक्य दोन शब्द वाढवून परत केलं, बस्स.

रात्री काऊ-चिऊ. "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाचं अंग पुसते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते." आपण सगळे यावरच वाढलो. वाक्याचा साचा तोच, आतलं काम तेवढं बदलतं. आई "थांब, माझ्या बाळाला" म्हणून थांबायची आणि पुढचं लेकीवर सोडायची. एकदा लेकीनं बाळाला कार सीटमध्ये बसवलं. काऊ बाहेर भिजतच राहिला.

आता थोडं रागवू द्या. २०२४ च्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोंचा पाऊस पडला. आणि त्याच घरांत, माझं धरून, सकाळी काय ऐकू येतं? "मिल्क फिनिश कर, शूज वेअर कर, हरी अप कर." क्रियापद एकच उरलंय, 'कर'. पोरांना मोदक, ढोल, लेझीम सगळी नावं येतात. अथर्वशीर्ष घडाघडा म्हणतात, व्हिडिओ काढतो आपण. पण "मला तहान लागली" म्हणायला पोर अडखळतं, कारण पाण्याची बाटली मागायच्या आधीच हातात असते. निदान "पाणी हवं का?" ऐवजी "माठातलं हवं की फ्रिजमधलं?" असं विचारा. मान हलवून उत्तर देता येणार नाही. माठ इथे कुठून आणायचा, ते मात्र मला विचारू नका.

आणखी एक. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं म्हणून कुणी मराठी बंद करायला सांगितलं, तर ऐकू नका. दोन भाषांमुळे बोलण्यात दोष येत नाही. साधारण दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडायला लागतं, ते मोजताना दोन्ही भाषा मिळून मोजायचे. तेव्हाही जोडत नसेल तर कान तपासून घ्या, तज्ज्ञांना दाखवा. 'याचे बाबाही उशिराच बोलले' म्हणत बसू नका. बाबा उशिरा बोलले ते बरंच झालं, पण तो वेगळा विषय.

हे सगळं जमेलही. रविवारच्या शाळेत सुट्टीवर आलेल्या आजी-आजोबांना अर्धा तास मुलांपाशी नुसतं बसवायचं, तक्ते नाहीत, गृहपाठ नाही, असं आम्ही ठरवतोय. नावं वाढप्यांपाशी द्या.

पण निघायच्या आदल्या दिवशी दादाचा मुलगा आला. नाशिकमध्ये जन्मला, नाशिकमध्येच वाढतोय. लेक धावत गेली आणि एका दमात म्हणाली, "दादा, आपण गंगेवर जाऊन मारुती बघू या?" पूर्ण वाक्य, मधे कुठे अडखळली नाही. तो म्हणाला, "ओके, बट फर्स्ट लेट्स प्ले ऑन माय टॅब." तीही मग इंग्रजीत गेली आणि रात्री झोपेपर्यंत दोघं इंग्रजीतच खेळली. वहिनी म्हणाली, "बरं झालं, त्याला तेवढीच प्रॅक्टिस." मला यावर काय बोलावं ते सुचलं नाही, आणि तिसऱ्या रांगेतल्यांनाही सुचलं नाही. आईची सत्तरी उलटली आहे. तिच्यानंतर ही पोर नाशिकला जाऊन मराठीत कुणाशी बोलणार, ते तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जेवताना माझ्याजवळ येऊन बसा.