थंडीतल्या चहाचा मसाला

नमस्कार, श्रोतेहो.

निफाडचा पारा बातम्यांत झळकायला लागला की महाराष्ट्रात थंडी पडली असं समजायला हरकत नाही. गोधड्या, स्वेटर, डिंकाचे लाडू, सगळं आपण आठवणीने काढतो. चहा मात्र बाराही महिने एकच. माझं म्हणणं एवढंच, की चहालाही ऋतू असावा, आणि थंडीतला त्याचा मसाला घरीच कुटावा.

विकतचा मसाला वाईट असतो असं नाही, पण तो कधी कुटला हे आपल्याला ठाऊक नसतं. मसाल्याचा वास म्हणजे त्यातली उडून जाणारी तेलं, आणि वेलदोडा कुटला की ती लगेच उडायला लागतात. म्हणून थोडाच करायचा. लिहून घ्या: सुंठ 25 ग्रॅम, वेलदोडे 10 ग्रॅम, दालचिनी 5 ग्रॅम, काळी मिरी 3 ग्रॅम, लवंगा पाच-सहा आणि पाव जायफळ. कपाला एक चिमूट धरली, तर चार माणसांच्या घराला दोन वेळच्या चहासाठी हा पंधरवडाभर पुरतो.

यातली मानकरी सुंठ. ओलं आलं हाताशी असताना सुंठ कशाला, असं कुणी विचारेल. आल्याचा तिखटपणा ज्या जिंजेरॉल नावाच्या द्रव्यामुळे असतो, त्यातल्या काहीचं आलं वाळताना शोगाओल होतं, आणि ते जास्त तिखट असतं. आल्याचा झणका जिभेवर लागतो. सुंठेची ऊब घशात उतरते आणि तिथेच रेंगाळते. पहाटेच्या गारठ्यात हवी असते ती हीच. अख्खी सुंठ मात्र मिक्सरमध्ये टाकू नका, पातं जाईल. आधी खलबत्त्यात ठेचा, मग दळा, मग चाळा. चाळणीत उरलेले दोरे फेकू नका, पुढच्या आधणात घाला.

दालचिनी घेताना हात लावून बघा. बाजारात बहुतेक वेळा मिळते ती जाड, एकेरी वळलेली साल, ती कॅशिया. खरी दालचिनी पातळ, अनेक पदरांची आणि बोटांनी चुरडता येणारी. आपल्या कोकणातही ती होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’ या जाती काढल्या आहेत, आणि नारळी-पोफळीच्या बागांत ही झाडं आंतरपीक म्हणून लावतात. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर लाडवांऐवजी ही मागवा.

लवंगेला मात्र आवर घाला. तिच्यातलं युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य दातांचे डॉक्टरही वापरतात. दोन लवंगा जास्त पडल्या तर चहा पिताना दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. ज्येष्ठमध घालायची काहींना हौस असते. रक्तदाबाचा त्रास असेल त्यांनी ते रोज घेऊ नये. आणि हा चहा सर्दी बरी करतो असा दावा मी करणार नाही. नाक चोंदलेलं असताना बरं वाटतं, तेवढं पुरे.

आता चहा. पाणी गार असतानाच त्यात मसाला घाला. आधण आलं की गवती चहाची दोन-तीन पाती हातानेच मोडून टाका. कोकणात याला पातीचहा म्हणतात. तुळशीची चार पानंही चालतील. गॅस बारीक करून झाकण ठेवा, कारण पातीचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा आणि तो वाफेबरोबर निघून जातो. मग चहापूड, आणि शेवटी वेगळं तापवलेलं दूध. सुंठेऐवजी आलं वापरत असाल तर तेही पाण्यात नीट उकळू द्या. कच्च्या आल्यातल्या पाचकरसाने दूध फाटतं, उकळल्यावर तो निकामी होतो. गुळाचा चहा हवा असेल तर भांडं खाली उतरवा, उकळी बसू द्या आणि मगच गूळ घाला. तरी एखादा गूळ दगा देतोच, दूध फाटतं. तेव्हा गुळाचा चहा कोराच प्यावा, छान लागतो.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी सुंठेचा वास येतो, मग पातीचा, वेलदोड्याचा सगळ्यात शेवटी. माझ्या नाकाला तरी याच क्रमाने येतात. तुम्हाला कुठला आधी येतो ते बघा. ध्यानधारणेचे मोठे शब्द मला वापरायचे नाहीत, पण चहा उतू जातो तो नेमका आपण दुसरीकडे बघत असतो तेव्हाच.

मसाला काचेच्या कोरड्या बरणीत ठेवा, शेगडीपासून लांब, आणि ओला चमचा घालू नका. होळी झाली की सुंठ निम्मी करा, मिरी काढून टाका, वेलदोडा वाढवा. उरलेली सुंठ आमरसाला लागेलच.

नमस्कार.